मुळशीच्या काठावर, सोनीच्या हातची भाकरी

पाण्याची भीती असलेल्या बाईनं धरणाकाठची खोली बुक करू नये. हे मला कळत नाही असं नाही. पण दिवाळीचा फराळ संपत आला होता, लेकीच्या शाळेला अजून सुट्टी होती आणि माझा नवरा नितीन रोज संध्याकाळी मोबाइल पुढे करून तेच ते फोटो दाखवत होता. निळं पाणी, हिरवे डोंगर, काठावर झोपाळा. "मुळशी आहे गं, मंगळावर नाही चाललो आपण," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी एकदाची हो म्हणाले.

या ब्लॉगचे जुने वाचक मला ओळखून आहेत. मी रोपवेत डोळे मिटून बसते, घाटात नवऱ्याचा शर्ट धरून ठेवते आणि तरी दर सुट्टीत बॅग भरते. घरी आल्यावर माझ्या भीतीवर आम्ही सगळे पोट धरून हसतो. या वेळी हसलो नाही. म्हणून हे लिहायला महिना गेला. आम्ही राहिलो त्या जागेचं नाव मी देणार नाही. का ते पुढे कळेलच.

चिंचवडहून निघालात तर चांदणी चौकाच्या नादी लागू नका. आम्ही शुक्रवारी सकाळी सातला निघून महाळुंगे, नांदे, चांदे असा रस्ता धरला. आठच्या आत निघालात तर सुटलात. नंतर हिंजवडीच्या मोटारी आणि बांधकामाचे डंपर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. महाळुंग्याला टॉवर मोजायला गेलं तर मान अवघडते. खाली धुळीतून पिवळी हेल्मेटं घातलेल्या बायकांची रांग चालली होती, दोघींच्या कडेवर पोरं होती. चांद्याला चहाला थांबलो. चहावाला उत्तरेकडच्या बलियाचा, शेजारचा पंक्चरवाला मल्याळी, समोर टाइल्स उतरवणारे राजस्थानी. नितीन म्हणाला, "मुळशीला चाललोय की भारतदर्शनाला?" मी हसले, पण पर्स काखेत घट्ट धरली. लाज वाटते सांगायला, पण धरली खरी.

घोटावडे फाट्यावर मिसळ खाल्ली. तर्री जपून मागा, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पौड मागे पडलं की खऱ्या अर्थानं मुळशी सुरू होते आणि त्याबरोबर फलकही. रिसॉर्ट, ॲग्रो टुरिझम, लेक व्ह्यू, टेंट, पूल पार्टी. एका आंब्याच्या झाडाला दोन पाट्या ठोकल्या होत्या. वरची म्हणत होती, 'प्लॉट विकणे आहे.' खालची म्हणत होती, 'रिसॉर्टला माणसं पाहिजेत, राहणे-खाणे फ्री.' रेवा, म्हणजे आमची अकरा वर्षांची लेक, दोन्ही मोठ्यानं वाचून म्हणाली, "म्हणजे इथली माणसं विकून गेली आणि आता नवी मागवतायत?" या पोरीला गप्प कसं करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

मग वळण घेतलं आणि उजव्या हाताला पाणी दिसलं. सुंदर आहे, यात वाद नाही. पण काठोकाठ भरलेलं पाणी रस्त्याच्या इतकं जवळ बघून मी नितीनचा शर्ट धरला तो धरलाच.

आमच्या मुक्कामाच्या फाटकावर भला मोठा फलक होता: 'सोनीच्या हातची चुलीवरची भाकरी! एकदा खाल, पुन्हा याल!' मालकीण शोभावहिनी फाटकापर्यंत आल्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, हातात दोन फोन.

"या, या! वाटलं ताई भ्याल्या का काय पान्याला. साहेब फोनवर सांगत हुते तुमचं."

म्हणजे माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. नितीनकडे मी जे बघितलं ते बघितलं.

सासऱ्यांच्या वाट्याला उरलेल्या चार एकरांवर वहिनींनी हे सगळं उभं केलंय. आठ खोल्या, सहा तंबू, झोपाळे, एक फायबरची होडी. पोरगा हिंजवडीत नोकरीला, सून वाकडला राहते, शनिवार-रविवारीही ती दोघं इकडं फिरकत नाहीत. झाडलोट, बागकाम, स्वयंपाक, होडी, सगळं बाहेरून आलेल्या माणसांच्या हाती. "गावातली पोरं?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ती साहेब झाली. हितं ताटं कोन उचलनार? ही मानसं हायेत म्हनून चाललंय, ताई. ही न्हाईत तर आमी न्हाई."

दुपारी जेवायला बसलो. इंद्रायणीचा भात, पिठलं, ठेचा आणि ती भाकरी. वाचकहो, भाकरी काय होती! पापुद्रा असा सुटलेला की बोट घातलं तर वाफ बाहेर. चुलीपुढे एक काळीसावळी, ठेंगणी बाई बसली होती, तिशीची असेल. वहिनींनी हाक मारली, "सोनी, ताईंना आजून एक दे." पलीकडच्या टेबलावरचे काका घास घेत म्हणाले, "ही खरी आपल्या मातीची चव." सोनी झारखंडची, गुमल्याच्या बाजूची. भाकरी थापायला ती इथंच शिकली. काकांना मी काही बोलले नाही, त्यांची भाकरी कडू कशाला करा.

होडी चालवणारा सुखराम हा तिचा नवरा. तो संध्याकाळी येऊन नितीनला म्हणाला, "साहब, कल सुबह नाव तैयार रहेगी." रेवा खो खो हसली. "आई, नाव तयार आहे म्हणे! कुणाचं नाव?" मग तिनं त्याला समजावलं की मराठीत नाव म्हणजे नाम, आणि आम्ही त्याला होडी म्हणतो. तो मान हलवत हसला.

मी मात्र हलक्या आवाजात नितीनला म्हणाले, "याला तरी पोहता येतं का विचार ना. कुठला कोण, काय माहीत."

सुखराम वळून म्हणाला, "येतंय, ताई. सहा वर्सं झाली हितं."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनींचे सासरे, नाना, ओसरीवर बसलेले असतात. ऐंशीच्या पुढचे, पण नजर पाण्यावर. मी काठाच्या दिशेनं दोन पावलं टाकली तशी त्यांनी काठी आपटली. "फुडं जाऊ नगा. वर सपाट दिसतंय पानी, पर खाली आमच्या आज्याची भातखाचरं हायेत. गुडघाभर पान्यात चालतुया म्हनंस्तोवर बांध उतरतोय आन मानूस पुरुषभर खाली. पोहनारा बी फसतोय." ते संथपणे, हवामान सांगावं तसं हे बोलत होते, आणि मी ती दोन पावलं मागे आले. त्या रात्री खोलीच्या दाराला मी आतून खुर्ची लावली. पाणी दारातून येणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. मग खुर्ची कुणासाठी लावली, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला नितीन आणि रेवा होडीतून निघाले. पलीकडच्या काठाला एक छोटं देऊळ आहे, तिथं जाऊन परत, तासाभराचं काम. मी रेवाचं लाइफ जॅकेट तीनदा ओढून बघितलं. सुखरामनं चौथ्यांदा स्वतः घट्ट केलं. होडी टेकाडाच्या मागे वळून दिसेनाशी झाली तशी मी काठावर थांबू शकले नाही. सोनीजवळ जाऊन बसले आणि मटार सोलायला घेतले.

छान बोलली ती. दोन मुलं गावी सासूपाशी आहेत. मोठा रेवाएवढा. फोनवर रोज बोलतो आणि रोज विचारतो, तुमच्या तलावात मगर आहे का? मी विचारलं, मुलं किती, शेती किती, घर कसं, इथलं थंड पाणी सोसतं का. सगळं विचारलं. एक सोडून.

आत मिक्सर सुरू होता, त्यामुळे वहिनी अंगणात कुणाशी फोनवर भांडतायत एवढंच कळत होतं. सोनी परात विसळायला उठून दारापर्यंत गेली. आणि तिथंच परात तिच्या हातून पडली. ती वळली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"मैडम... नाव डूब गया!"

मिक्सर बंद झाला होता. बाहेर वहिनींचा आवाज चिरका झाला होता: "बुडालं! सगळं बुडालं!"

मी उठले कशी, चपला घातल्या की नाही, काही आठवत नाही. आम्ही दोघी धावत होतो. काठावर पोचलो तर पाण्यावर काही नाही. होडी नाही, माणूस नाही, नुसतं ऊन. आणि मी ओरडले. काय ओरडले ते लिहू नये असं फार वाटतंय, पण लिहिते. "कुणाच्या हाती दिली माझी पोर! या बाहेरच्या लोकांच्या भरवशावर कशाला पाठवली!" मराठीत ओरडले. सहा वर्षं इथं राहिलेली बाई माझ्या शेजारी उभी होती.

ती पाण्यात शिरली. साडीसकट, सरळ, टेकाडाच्या दिशेनं. घोटा, गुडघा, कंबर. मागून नाना ओसरीवरून काठी उंचावून ओरडत होते, "बांध हाय! बांध हाय तितं!" वहिनी धावत आल्या, बागेतली माणसं आली, आम्ही सगळे जीव तोडून हाका मारायला लागलो. "सोनी! सोनी, मागं फिर! सोनी!" ती थांबली नाही. मान तिरकीसुद्धा केली नाही. जणू दुसऱ्याच कुणाला बोलावत होतो आम्ही. मग ती एकदम खाली गेली.

पाण्यावर तिचा हात दिसला, मग केस, मग परत काहीच नाही. बागेतला एक माळी उतरायला निघाला तर त्यालाही पोहता येत नव्हतं, दुसऱ्यानं त्याला धरलं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि माझे पाय पुढे पडत नव्हते. तिचं डोकं वर आलं, तोंड काठाकडे नाही, आत, खोल पाण्याकडे. ती चुकीच्या बाजूला हात मारत होती.

आणि टेकाडाच्या मागून होडी आली.

नितीन. रेवा, नारिंगी जॅकेटात, देवळातलं फूल केसात खोचलेलं. सुखराम वल्हं मारता मारता उभा राहिला आणि असा ओरडला की डोंगराला हाक लागली.

"बुधनी! ए बुधनी! इधर!"

तिनं मान वळवली. पहिल्या हाकेला. त्यानं वल्हं पुढे केलं, तिच्या बोटांनी ते धरलं आणि नितीननं तिला दंडाला धरून ओढलं. होडी कलंडायला झाली, रेवा किंचाळली. मग होडी सरळ झाली.

काठावर आणल्यावर ती किती तरी वेळ पाणी ओकत होती. वहिनींनी अंगावरची शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली आणि तिची पाठ चोळायला लागल्या. चोळता चोळता म्हणत होत्या, "काय केलंस गं बये, काय केलंस?" हळूहळू सगळा उलगडा झाला. होडी बुडाली असं कुणी म्हटलंच नव्हतं. छठपूजेला गावी गेलेली वहिनींची चार माणसं परतली नव्हती, ठेकेदारानं बदली द्यायची कबूल केली होती ती आली नव्हती, आणि दुपारी एका कंपनीची चाळीस माणसं जेवायला यायची होती. वहिनी त्या ठेकेदाराला फोनवर म्हणाल्या होत्या, "नाव बुडालं आमचं!" बस, एवढंच. त्यांचं नाव बुडत होतं. हिनं होडी बुडालेली ऐकली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, सुटका झाल्यासारखे. वहिनी डोळे पुसत हसत होत्या. मीसुद्धा हसले, रेवाला छातीशी धरून. मराठी माझी मायबोली, बाहेर जाऊन वहिनींना एक शब्द विचारला असता तरी पुरलं असतं. पण भीतीला कान नसतात. बुधनी हसली नाही. ती रेवाकडे बघत होती, डोक्यापासून पायापर्यंत, सगळी आहे ना अशी.

"पण तिचं नाव बुधनी आहे तर मग सोनी कोण?" हे रेवानं विचारलं. मी नाही.

वहिनी जरा गडबडल्या. नाना मात्र सरळ बोलले. "पयली सोनी येगळी. ती बंगालची हुती. लई ग्वाड भाकरी करायची. गिऱ्हाईक तिच्या नावानं यायचं. ती गेली, दुसरी आली, मंग तिलाबी सोनीच म्हनलं. ही चवथी."

"आता बोर्ड काय दर टायमाला बदलायचा का, ताई?" वहिनी म्हणाल्या. "इंटरनेटवर बी तेच हाय, सोनीच्या हातची भाकरी. त्यात वंगाळ काय हाय? तिला खायला-प्यायला, ऱ्हायला, कशाला कमी न्हाई."

ते खरंही होतं. वहिनी वाईट बाई नाहीत. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तासाभरात बुधनी चुलीपुढे परत बसली होती. केस ओलेच. चाळीस माणसं येणार होती ती आलीच, पोट कुणाला चुकलंय. तिच्या भाकऱ्या तव्यावर टाकताना फाटत होत्या. मी शेजारी बसून पीठ मळून दिलं. मला भाकरी थापता येत नाही, माझ्या हाताखाली भारताचा नकाशा होतो. कंपनीतला एक जण ओरडला, "सोनी, आज हाताला काय झालं?" ती मान खाली घालून थापत राहिली.

मी तिला हिंदीत विचारलं, तुला पोहता येत नाही, तर गेलीस कशाला?

तिनं भाकरी उलटली. "वो तो तैर लेगा, मैडम. बच्ची कैसे तैरेगी, हम यही सोचे."

मी तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही, म्हणजे काठावर मी काय ओरडले ते तिला सगळं कळलं होतं.

दुपारी चारला निघालो. परतताना भुकूम, भूगाव असे आलो. तिथं शनिवारी संध्याकाळी अडकलात तर तासभर धरून चाला. भुकूमला उंच परांच्यांवर लोंबकळून रंग मारणारी माणसं दिसत होती. रेवा काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "यांना काय म्हणून हाका मारत असतील?" नितीननं गाणी लावली. मी बंद केली.

आता तुम्ही विचाराल, जावं का? जा. दिवाळीनंतरची मुळशी फार देखणी असते. गरम कपडे घ्या, होडीत जॅकेटाशिवाय बसू नका, नानांसारखं कुणी सांगितलं तर पाण्यात दोन पावलंही टाकू नका. जागेचं नाव दिलं नाही, कारण त्या काठावर अशी एकच जागा असेल असं मला वाटत नाही, आणि एकीचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही मला. रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं की तिथली अप्रतिम भाकरी बुधनी करते. खाली वहिनींचं उत्तर आलं, 'धन्यवाद ताई, सोनीला सांगितलं.'

माझी पाण्याची भीती होती तेवढीच आहे. तिच्याशी माझं जमतं. दुसरी भीती नवी आहे. आमच्या सोसायटीत लिफ्ट पुसणारी, आमच्याकडे भांडी घासणारी, रेवाच्या शाळेच्या बसमध्ये बसणारी, सगळ्या 'मावशी'. आग लागली, पाणी भरलं, तर मी मागून काय ओरडणार आहे?

गेल्या आठवड्यात नणंदेला मुळशीला जायचं होतं, म्हणून मी वहिनींना फोन लावला. खोली होती. मी विचारलं, "बुधनी कशी आहे?"

"कोन?"

"अहो... सोनी."

"हां, सोनी व्हय! मजेत हाय की. थांबा, देते तिला."

फोन हातात घेतल्याचा आवाज आला. "नमस्ते मैडम, सोनी बोल रही हूँ."

आवाज कोवळा होता. बुधनीचा नव्हता.

"बुधनी कहाँ गई?"

"मालूम नहीं, मैडम. हम तो परसों आए."

"तुम्हारा नाम क्या है?"

ती सांगेल असं वाटलं. एवढ्यात मागून वहिनींची हाक आली, "सोनी, आगं भाकरी करपतीया!"

"आई, दीदी!" ती म्हणाली, म्हणजे आले, आणि फोन बंद झाला. पहिल्या हाकेला गेली. दोनच दिवसांत शिकली होती. सुखरामही आता तिथं नसणार. उद्या ती पोरगी पाण्यात शिरली, तर तिला मागे वळवणारं नाव त्या काठावर कुणालाच ठाऊक नाही.